कडेवरचं मूल आणि दुसरी बाई

१९६८ साली सोलमध्ये 'मिवोदो ताशी हानबन' (राग असला तरी पुन्हा एकदा) हा चित्रपट लागला आणि एकट्या त्या शहरात त्याची साडेतीन लाखांच्या वर तिकिटं खपली. बालवाडीत शिकवणारी ह्येयोंग शिन्हो नावाच्या माणसाच्या प्रेमात पडते. एक दिवस गावाकडून त्याची बायको दोन मुलांना घेऊन येऊन उभी राहते, तेव्हा तो लग्न झालेला आहे हे तिला समजतं. ह्येयोंग पोटातलं मूल घेऊन मुकाट निघून जाते, समुद्रकाठच्या गावी मुलाला एकटीने वाढवते आणि आठ वर्षांनी त्याच्या भल्यासाठी त्याला बापाच्या घरी आणून सोडते. दिग्दर्शक जंग सो-योंग, नायिका मून ही. चित्रपट इतका चालला, की पुढच्या तीन वर्षांत त्याचे तीन भाग आले.

ही गोष्ट सांगताना सगळे 'बापाच्या घरी सोडते' असं म्हणतात. मीही आत्ता तसंच म्हटलं. पण पडद्यावर नीट बघितलं तर मूल बापाच्या हातात जातच नाही. बाप कामाला जाणार. मुलाला न्हाऊमाखू घालायचं, जेवायला वाढायचं, रात्री तो आईच्या नावाने मुसमुसायला लागला की जवळ घ्यायचं, हे सगळं करणार त्याची बायको, म्हणजे जिच्या संसारात ह्येयोंग अजाणता शिरली होती तीच. एक बाई आपलं मूल दुसऱ्या बाईच्या पदरात घालते आणि दोघींपैकी कोणीही खलनायिका नाही. जन ग्ये-ह्यन यांनी ती बायको अशी उभी केली आहे, की तिच्यावर रागवायची सोय उरत नाही.

या मालिकेत आपण सहा कोरियन चित्रपट बघणार आहोत. सगळे १९४९ ते १९६८ या वीस वर्षांतले. पुढच्या पानांवर प्रत्येकावर वेगळं टिपण आहेच, म्हणून इथे मी सगळ्यांना जोडणाऱ्या एकाच धाग्याबद्दल लिहिणार आहे. या चित्रपटांचा विषय 'मातृत्व' आहे हे कोणीही सांगेल. पोस्टरवरच आई आणि मूल असतं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. यांतल्या आईच्या शेजारी प्रत्येक वेळी आणखी एक बाई असते. कधी शेजारीण, कधी मोलकरीण, कधी सासू, कधी कॉलेजातली मैत्रीण, कधी चक्क सवत. मूल या दोघींमध्ये हिच्या कडेवरून तिच्या कडेवर जात राहतं. पटकथा त्या दुसऱ्या बाईला फारशी जागा देत नाही, शेवटाला तर तिला बाजूलाच सारते. पण या चित्रपटांतलं खरं आयुष्य तिच्यापाशी आहे, आणि बायकाबायकांतल्या जिव्हाळ्याबद्दल त्यांना जे म्हणायचं होतं ते तिच्याकरवीच म्हटलं गेलं आहे.

आधी प्रेक्षकांविषयी. या चित्रपटांना येणाऱ्या बायकांना तिथले समीक्षक 'रबरी चपलांचा प्रेक्षकवर्ग' म्हणत. गोमुशिन म्हणजे साध्या रबरी सपाता, गरीब आणि मध्यमवर्गीय बायकांच्या रोजच्या पायातल्या. म्हणण्यात कुचेष्टा होती: दुपारच्या खेळाला यायचं, हातरुमाल भिजवायचा आणि घरी जाऊन भात शिजवायचा. आपल्याकडे १९९१ साली 'माहेरची साडी'ला गावोगावच्या बायका गर्दी करत होत्या तेव्हा शहाण्या लोकांनी जे हसं केलं, त्याचीच ही कोरियन आवृत्ती. या चित्रपटांत डोकावणारी शिन्पा, म्हणजे जपानी अमलाखाली रुजलेली रडवी नाट्यशैली, तिच्यावरही हाच आक्षेप होता. रडवेपणा मलाही कुठे कुठे जड जातो. ह्येयोंगच्या गोष्टीत दिग्दर्शकाने दोनतीनदा पंप मारून पाणी काढलं आहे. पण रडणारी बाई कशासाठी रडत होती हे विचारायची तसदी त्या समीक्षकांपैकी फार थोड्यांनी घेतली.

कारण हिशोबात मांडता येण्यासारखं होतं. १९५० ते १९५३ च्या युद्धाने लाखो घरांतला कर्ता पुरुष नेला. मेला, बेपत्ता झाला, नाहीतर सीमेपलीकडे अडकला. घर चालवायला बायका बाहेर पडल्या. कोणी बाजारात पथारी मांडली, कोणी शिवणकाम घेतलं, कोणी अमेरिकन छावण्यांच्या आसपास मिळेल ते काम केलं. घर बाईने चालवायचं आणि कायद्याने मात्र तिला घरात जागा द्यायची नाही, अशी अवस्था. १९६० साली लागू झालेल्या दिवाणी कायद्याने कुटुंबप्रमुखाची जुनी पद्धत तशीच ठेवली. मूल बापाच्या कुटुंबाच्या नोंदवहीत. घटस्फोट झाला तर मुलावरचा हक्क बापाचा. नवरा वारला आणि विधवेने दुसरं लग्न केलं, तर पहिल्या नवऱ्यापासून झालेल्या मुलावरचा तिचा हक्क गेला. नवऱ्याचं बाहेरचं मूल नोंदवहीत चढवायला बायकोची संमती लागत नसे. बायकोला आपलं आधीचं मूल आणायचं असेल तर मात्र नवऱ्याची लागे. यात मोठी दुरुस्ती व्हायला १९९० साल उजाडावं लागलं, आणि कुटुंबप्रमुखाची पद्धत पूर्ण मोडीत निघाली ती २००८ मध्ये.

एवढं डोक्यात ठेवून हे चित्रपट बघितले, की 'त्याग' नावाची गोष्ट जरा वेगळी दिसायला लागते. ह्येयोंग मूल देऊन टाकते ते मन मोठं आहे म्हणून, हे खरंच. पण बापाच्या नोंदवहीत नाव नसलेल्या पोराचं त्या समाजात पुढे काय होणार, हे थिएटरात बसलेली प्रत्येक बाई जाणून होती.

या सहांतला माझा सर्वांत लाडका चित्रपट धड पूर्णही नाही. 'मिमांगिन' (विधवा), १९५५, दिग्दर्शन पाक नाम-ओक. कोरियात चित्रपट दिग्दर्शित करणारी ही पहिली बाई. शाळेत असताना गोळाफेकीत नाव काढलेली. नवऱ्याने पटकथा लिहिली, बहिणीने पैसे घातले. चित्रीकरणाच्या काळातलं पाक नाम-ओक यांचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: पाठीला कापडाने बांधलेली तान्ही मुलगी, आणि बाई कामात. मुलीला सांभाळायला कोणी नव्हतं. युनिटला बाहेरचं जेवण परवडत नव्हतं, म्हणून स्वयंपाकही त्याच करायच्या. आवाज भरायची वेळ आली तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच बाईचं काम कसं घ्यायचं, असं म्हणून त्यांना परत पाठवल्याची आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. चित्रपट थिएटरात जेमतेम टिकला. त्यानंतर त्यांनी दुसरा चित्रपट केला नाही. १९९७ साली सोलमध्ये पहिला स्त्री-चित्रपट महोत्सव भरला, तिथे 'मिमांगिन' पुन्हा दाखवला गेला आणि लोकांना पाक नाम-ओक हे नाव नव्याने कळलं. २०१७ मध्ये त्या वारल्या.

चित्रपटातली शिन्जा युद्धात विधवा झालेली, पदरात जू नावाची लहान मुलगी. नवऱ्याचा मित्र पैशाची मदत करतो, त्याच्या बायकोला संशय येतो. समुद्रावर जू बुडता बुडता वाचते, आणि तिला वाचवणाऱ्या तरुणावर शिन्जाचा जीव जडतो. इथपर्यंत नेहमीची वाट आहे. पुढे शिन्जा जे करते ते त्या काळच्या पडद्यावर कोणत्याच चांगल्या बाईने केलं नसतं. ती जूला शेजाऱ्यांकडे ठेवते आणि प्रियकराबरोबर राहायला जाते.

पाक नाम-ओक यांची जात इथे कळते. पुरुष दिग्दर्शक असता तर या जागी ढग गडगडले असते, मुलगी तापाने फणफणली असती, आईला शिक्षा झाली असती. पाक नाम-ओक शिन्जाला शिव्या देत नाहीत आणि तिची बाजूही घेत नाहीत. मूल शेजारी राहायला जातं ही गोष्ट त्यांनी अडीअडचणीला शेजारघरी मूल ठेवावं इतक्या सहजपणे दाखवली आहे. निर्वासितांच्या दाटीवाटीच्या वस्तीत मुलं अशीच वाढत होती. तुझं माझं करायला कोणाकडेच काही उरलेलं नव्हतं. आणि चित्रपट करताना मूल पाठीला बांधून फिरणाऱ्या दिग्दर्शिकेला अशी शेजारीण असण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसऱ्याच वर्षी आलेला हान ह्योंग-मो यांचा 'जायु बुइन' (मोकळी बाई) याच्या अगदी उलट टोकाला. चंग बी-सक यांची मूळ कादंबरी १९५४ साली 'सोल शिन्मुन' या दैनिकात रोज येत होती आणि तिच्यावरून एवढं रान उठलं, की एका कायद्याच्या प्राध्यापकाने तिची बरोबरी लाखोंच्या चिनी फौजेशी केली. युद्ध थांबून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ही उपमा गमतीची नव्हती. गोष्ट प्राध्यापकाच्या बायकोची. सन-योंग परदेशी वस्तूंच्या दुकानात नोकरीला लागते, मैत्रिणींच्या कोंडाळ्यात जाते, शेजारच्या विद्यार्थ्याकडून नाच शिकते, पाय घसरतो. नवराही तिकडे एका टायपिस्ट मुलीत गुंततो. पण त्याचं गुंतणं हळवं आणि हिचं ते पाप.

सन-योंगला घराबाहेर काढते तिची कॉलेजातली मैत्रीण युन-जू. हे पात्र मला नायिकेपेक्षा जास्त आवडतं. नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा स्वतःचा पैसा उभा करावा, हे तिचं तत्त्वज्ञान. त्या काळी कोरियन बायकांत ग्ये म्हणजे आपल्याकडच्या भिशीचं वेड पसरलं होतं; बँकेच्या दारात उभं राहायची सोय नसलेल्या बायकांचं भांडवल तिथून येत होतं, आणि भिशी बुडाली की संसारही बुडत होते. युन-जू चोरट्या आयातीच्या धंद्यात पैसे घालते, एक लफंगा तिला गंडवतो, आणि शेवटी ती भर नाचाच्या मैफिलीत विष घेऊन मरते. मैत्रीण मेली की नायिकेला घरी परतायला वाट मोकळी. बर्फ पडत असताना ती घराशी येते, आणि तिला बिलगतं ते तिचं मूल. मूल हे नायिकेला ओढून आणायचं दावं, मैत्रीण हे कापून टाकायचं दावं. कोरियन मेलोड्रामाने हा सौदा पुढे कितीतरी वेळा केला. मैत्रिणीच्या प्रेतावरून चालत जाऊन आई घरी पोचते, याची टोचणी मात्र हान ह्योंग-मो यांच्या कॅमेऱ्याला लागलेली दिसत नाही. नाचाची दृश्यं त्याने इतक्या मजेने टिपली आहेत, की त्याचा जीव कशात होता ते लपत नाही.

शिन सांग-ओक यांचा 'सारांगबांग सोन्निमग्वा ओमोनी' (बाहेरच्या खोलीतला पाहुणा आणि आई), १९६१, हा कोरियात आजही घराघरात माहीत असलेला चित्रपट. जू यो-सप यांची १९३५ सालची कथा, सांगणारी सहा वर्षांची ओक-ही. वडील तिच्या जन्माआधीच गेलेले. बाहेरच्या खोलीत वडिलांचा जुना मित्र, चित्रकार, भाड्याने राहायला येतो. आई आणि पाहुणा एकमेकांशी बोलत नाहीत. जे काही घडतं ते ओक-हीच्या हातून इकडून तिकडे जातं. पाहुण्याला उकडलेली अंडी आवडतात हे पोरगी येऊन सांगते, आणि घरात अंडी जास्त यायला लागतात. आईचं प्रेम यापेक्षा उघडपणे कुठेच दिसत नाही. मूळ कथेत पाहुणा निघून गेल्यावर अंडीवालीला आता अंडी नकोत म्हणून सांगितलं जातं, आणि प्रकरण संपतं.

चित्रपटात मात्र अंडी विकायला पुरुष येतो, आणि घरात मोलकरीण आहे. कथेत नसलेलं हे उपकथानक चित्रपटाने घातलं आणि सगळा तोल बदलला. सासू विधवा, सून विधवा, मोलकरीण विधवा. गावात घराचं नावच विधवांचं घर. मालकीण अंड्यांवरून एक शब्द बोलू शकत नाही, आणि तिकडे मोलकरीण अंडीवाल्याशी बिनधास्त जमवते, दिवस जातात, लग्न करून निघूनही जाते. दो कुम-बोंग यांनी ही मोलकरीण अशी ठसक्यात केली आहे, की ती पडद्यावर आली की घरात वारा शिरल्यासारखं वाटतं. खालच्या थरातल्या बाईला जे जमतं ते वरच्या थरातल्या बाईला जमत नाही, कारण तिच्या डोक्यावर घराण्याच्या अब्रूचं ओझं आहे. मालकिणीच्या भूमिकेत चोई उन-ही. मोलकरणीच्या सुखाकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर हेवा येतो, पण त्यात कडवटपणाचा लवलेश नाही.

आई पाहुण्याला नकार देते. का? कथा म्हणते, लोक काय म्हणतील म्हणून, ओक-हीसाठी. १९६१ सालच्या प्रेक्षक बाईला याहून रोकडं उत्तर ठाऊक होतं: वर्षभरापूर्वी लागू झालेल्या कायद्यानुसार तिने लग्न केलं असतं तर ओक-ही तिची उरली नसती.

चोई उन-ही यांची आणखी एक आई या मालिकेत आहे, बारा वर्षं आधीची. युन योंग-ग्यू यांचा 'माउमुई गोह्यांग' (मनातलं गाव), १९४९. डोंगरातल्या मठात वाढणारा छोटा भिक्षू, टाकून गेलेल्या आईची वाट बघणारा. सोलहून एक तरुण विधवा मेलेल्या मुलाच्या विधींसाठी मठात येते आणि तिला या पोराचा लळा लागतो. मग खरी आईही येते. तिथे दोन बायका समोरासमोर बसतात, मूल हरवलेली आणि मूल सोडलेली. हे दृश्य बघताना घाई करू नका. या सहा चित्रपटांचं मूळ तिथे आहे. दोघीही मुलगा दुसरीला द्यायला तयार होतात, आणि शेवटी तो दोघींपैकी कोणालाच मिळत नाही. या चित्रपटाची प्रिंट बराच काळ हरवलेली होती. नव्वदच्या दशकात जपानमध्ये सापडली म्हणून आपल्याला बघायला मिळते आहे.

किम सू-योंग यांच्या 'गॅतमाउल' (किनाऱ्यावरचं गाव), १९६५, मध्ये मूल नाही. तरी तो मी आग्रहाने घेतला. मासेमारीचं गाव, दर वादळात होड्या बुडतात, बायका विधवा होत जातात आणि एकमेकींच्या आधाराने राहतात. नवी नवरी हेसून दहाच दिवसांत त्यांच्यात सामील झाल्यासारखी वाटते, इतक्या झटक्यात समुद्र नवऱ्याला नेतो. चांदण्यात वाळूवर लोळत या बायका जी चेष्टामस्करी करतात, एकमेकींच्या अंगाखांद्यावर हात टाकून जे वाह्यात बोलतात, तसं मोकळं दृश्य त्या काळच्या दुसऱ्या कोरियन चित्रपटात माझ्या पाहण्यात नाही. हेसून दुसऱ्या पुरुषाबरोबर जाते, सासू तिला अडवत नाही. तोही मरतो. हेसून परत येते ती सासूकडे आणि त्या बायकांकडे. सासू झालेल्या ह्वांग जंग-सून यांनी जन्मभर आयांच्याच भूमिका केल्या. इथे मुलगा गेल्यावरही सुनेची आई राहिलेली बाई त्यांनी फार थोड्या शब्दांत उभी केली आहे.

किम की-योंग यांचा 'हान्यो' (मोलकरीण), १९६०, यादीत का नाही, हे विचारलं जाणारच. थोर चित्रपट आहे, वाद नाही. शिलाईमशीनवर राबून दुमजली घर उभं करणारी बायको, नवऱ्यापासून दिवस गेलेली मोलकरीण, आणि बायकोच तिला जिन्यावरून स्वतःला झोकून द्यायला लावते. दोन बायकांमधलं मूल इथे जन्मालाच येऊ दिलं जात नाही. माझ्या म्हणण्याची ही काळी बाजू आहे खरी, पण तो चित्रपट जगभर पुरेसा बघितला गेला आहे आणि बाकीचे नाहीत.

तुमच्यापैकी बरेच जण के-ड्रामाच्या वाटेने इथे आला असाल. 'रिप्लाय १९८८' या मालिकेत सोलच्या गल्लीतल्या तीन आया फळीवर बसून भाजी निवडतात, एकीच्या पोराला दुसरी जेवू घालते, आणि बघणाऱ्याला ते अगदी आपलं वाटतं. ती फळी १९८८ सालची नाही, १९५५ सालच्या वस्तीतली आहे. फरक इतकाच, की मालिकेत त्या तिघींना मध्यभागी बसायला मिळालं. जुन्या चित्रपटांत त्यांच्या पूर्वजा कडेला उभ्या आहेत आणि आपल्याला त्यांना शोधावं लागतं.

म्हणून एकच विनंती. नायिका रडत असेल तेव्हा चौकटीत दुसरी कोण आहे आणि मूल कोणाकडे आहे, तेवढं बघा. यांतले बरेचसे चित्रपट कोरियन फिल्म आर्काइव्हने यूट्यूबवर फुकट ठेवले आहेत, तेव्हा एखादा खेळ चुकला तरी हळहळू नका. 'मिमांगिन'च्या खेळाला मात्र याच, आणि एक लक्षात असू द्या: शेवटाकडे त्याचा आवाज जातो आणि मग गोष्ट मध्येच तुटते. शेवटचं रीळ मिळालेलं नाही. प्रोजेक्टर बिघडला म्हणून ओरडू नका.